पंधरावी जागा

रॉकेटवाल्यांना जपानातल्या आकिताच्या आमच्या किनाऱ्यावरून वरच्या हवेतलं वारं आणि थंडी मोजायची असे. पण आमच्या सगळ्या होड्या वाळूवर आल्याशिवाय त्यांना रॉकेट सोडता येत नसे. होड्या मोजून टेकडीवर पांढरं निशाण चढवायचं काम माझं. "आभाळ आम्ही मोजतो, किनुसान, होड्या तुम्ही मोजा," असं नागुमो नावाचा त्यांचा पोरगेलासा शास्त्रज्ञ मला चिडवायचा.

होड्या चौदा, पण वाळूवर जागा पंधरा. पंधरावी माझ्या नवऱ्याची, तोकुझोची. फेब्रुवारीत तो होडीसकट बेपत्ता झाला होता. आमच्यात वर्ष होईपर्यंत बुडालेल्याची जागा कुणी घेत नाही. परतला तर बिचाऱ्याने होडी लावायची कुठे? आणि जागा बुजली की बुडालेला आपली माणसंही विसरतो, म्हणतात.

डिसेंबरातली धुक्याची दुपार होती. मी चौदा मोजल्या, नागुमोनेही चौदाच मोजल्या. मी निशाण चढवलं. मग नीट पाहिलं. माझ्या मुलाची, यासुजीची जागा रिकामी होती आणि तोकुझोची भरलेली.

मी निशाण खस्सकन खाली ओढलं.

"अहो, दहाच मिनिटं राहिलीत! चौदा आहेत की!" नागुमो ओरडला.

"माझा मुलगा बाहेर आहे. थांबवा ते!" म्हणत मी उतारावरून धावत सुटले.

जवळ जाऊन पाहते तर तोकुझोच्या जागेवर काहीच नव्हतं. पाण्यापासून वरपर्यंत होडीच्या तळाचा ताजा, ओला चर तेवढा उमटला होता. मी ओळखलं, हा तोकुझोच. त्याला तिकडे एकट्याला करमत नव्हतं. पोराला न्यायला आला होता, मेला.

"गोन्नोसुकेसान, तुमची होडी इकडे सरकवा," मी शेजारच्या म्हाताऱ्याला म्हटलं. "ही जागा बुजवा."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? वर्ष भरायला अजून दोन महिने आहेत."

"भरलं म्हणते ना मी!"

कुणी पुढे होईना. मीच खांदा लावला, तेव्हा बाकीचेही आले. होडी चरावरून सरकली, चर मोडला. मला रडू आवरत नव्हतं.

जरा वेळाने धुक्यात इंजिन वाजलं. यासुजी उतरला तो पांढराफटक.

"आई, बाबांची होडी माझ्या पुढेच होती. हात करून बोलावत होते. मी अगदी जवळ पोचलो होतो गं." त्याने मागे धुक्याकडे बोट केलं. "आणि एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, 'कोण रे तू?'"

मी त्याला घट्ट धरलं. बाबा तसं का म्हणाले, हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही.