कणगीची दांडी

ओयात मास्तरांनी बोट ओलं करून पान उलटलं, चष्मा वर सरकवला आणि आंब्याखाली बसलेल्या बायकांकडे पाहिलं.

"पुन्हा आर्येमोवहिनींचं नाव आलंय."

शेंगा फोडणारे हात थांबले.

"झालं! आता ही आवरायची नाही," आनेनाने शेजारी बसलेल्या आर्येमोला कोपराने ढोसलं. "उद्या लामारो आली की हिला गुलू शहरात नेऊन खुर्चीत बसवेल. आम्ही मेलो इथंच टरफलांत."

"तुलाही नेईन की. खुर्ची पुसायला कुणीतरी लागेलच," आर्येमो म्हणाली आणि कमरेचं कापड उगाचच नीट केलं.

लामारो तिच्या थोरल्या दिराची मुलगी. शाळकरी वयात बंडखोरांनी तिला उचलून रानात नेलं होतं. ती परतली तेव्हा तिच्या पाठीला तान्ही मुलगी बांधलेली होती आणि आईवडील उरले नव्हते. तिला घरात घेतलं ते आर्येमोने. आता त्या सगळ्याचं लामारोने पुस्तक लिहिलं होतं आणि ते शाळेला द्यायला ती उद्या गावात येणार होती. त्याआधी ते सर्वांच्या कानावर पडावं म्हणून मास्तर दुपारी वाचायला बसत. पुस्तक इंग्रजीत होतं. मास्तर एक ओळ मनात वाचत आणि ती आचोलीत सांगत.

त्यांच्या कोपराशी आनेनाची नात लान्येरो बसलेली असे, ओळीखाली बोट धरून. तसं त्यांनीच तिला शिकवलं होतं. ओढा ओलांडताना दगड चुकवला तर पाय पाण्यात जातो, ओळ चुकवली तर अर्थ, असं ते वर्गात सांगत.

"'काकू वाटेवर उभी होती,'" मास्तर सांगू लागले. "'अंगणाच्या तोंडाशी तिने ओपोबोची हिरवी फांदी घातली होती आणि तिच्यावर अंडं ठेवलं होतं. मी उजव्या पायाने ते फोडलं. रानातलं जे अंगाला चिकटलं होतं, ते तिथंच राहिलं.'"

बायकांनी जिभा हलवून आनंदाची हाळी दिली. आर्येमोने मान खाली घातली. लाजली, असं सर्वांना वाटलं.

मास्तरांचे ओठ थोडा वेळ नुसतेच हलले. मग त्यांनी घसा खाकरला.

"'दुसऱ्या दिवशी पाऊस लागला...'"

"मास्तर, तुम्ही गाळलंत," लान्येरो म्हणाली. तिचं बोट पानाच्या मध्यावर अडलं होतं.

"तेच ते आहे गं पुन्हा."

"तेच नाहीये. इथं लायिबी लिहिलंय. आपल्याच भाषेत."

मास्तरांचे कान तापले. पोरीच्या डोळ्यांत आरोप नव्हता, नुसती शंका होती. तीच त्यांना सोसेना.

लायिबी म्हणजे कणगीचं झाकण उचलून त्याला टेकू द्यायची दांडी. अंडं फोडलं की परतलेला माणूस निर्मळ होतो. त्यापुढे आडवी ठेवलेली दांडी ओलांडली की त्या घरचं धान्य त्याचं होतं. हे तिथल्या कुणालाच सांगावं लागत नव्हतं.

"वाचू दे तिला," आर्येमो म्हणाली.

"वहिनी, उद्या ती यायचीय."

"म्हणूनच."

लान्येरो अडखळत वाचू लागली, एकेक ओळ आचोलीत लावत.

"'वाटेत लायिबी नव्हती. कणगीला टेकलेली मला ती दिसत होती. काकू विसरली असेल, असं वाटलं. पण काकू माझ्या पाठीवरच्या मुलीकडे बघत होती. त्या घरात मी ताटात आलं तेवढंच खाल्लं. कणगीत कधी हात घातला नाही. काकूने ताट मात्र एकदाही चुकवलं नाही.'"

शेवटच्या वाक्याने आर्येमोचा चेहरा पार उतरला. तिचे हात शेंगा फोडतच राहिले. दाणे टरफलांच्या ढिगात पडत होते आणि टरफलं टोपलीत.

"तेव्हा आम्हीच म्हटलं होतं," आनेना हळूच म्हणाली. "रानातलं पोर आहे, त्याच्यामागून काय घरात येईल सांगता येत नाही म्हणून."

"तुम्ही म्हणालात," आर्येमो म्हणाली. "दांडी माझ्या हातात होती."

सकाळी ती घरामागे गेली. कणगी केव्हाच मोडली होती. धान्य आता पोत्यांत असे. दांडी कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून लावलेली होती. तिने ती उपसली तशी दोरी खाली आली आणि ओले कपडे धुळीत पडले. ते तसेच टाकून तिने दांडी धुतली आणि अंगणाच्या तोंडाशी आडवी ठेवली.

गाडी शाळेकडे न वळता आधी घराकडेच आली. मास्तर आणि बायका मागे उभ्या राहिल्या. आर्येमो दांडीच्या अलीकडे उभी होती. काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं, पण मान वर होईना. तिला फक्त पाय दिसत होते.

लामारोच्या चपला दांडीपाशी येऊन थांबल्या. बराच वेळ हलल्या नाहीत. मग एक पाऊल मागे सरल्या आणि त्यांच्या जागी पांढरे शाळेचे बूट आले.

"आधी तू," लामारोचा आवाज आला. "उजवा पाय."

गरजेपेक्षा जास्तच उंच उचलून बूट दांडीवरून अलीकडे आले. त्यांच्यामागून चपला.

"काकू, लांबून आलोय. भूक लागलीय."

"बसा, ताट वाढते."

"ताट नको," लामारो म्हणाली. "पोतं कुठं असतं, ते हिला दाखव."

आर्येमो पुढे झाली. मुलगी तिच्या मागून चालू लागली. मुलीचं नाव लाकिचा. आर्येमोने तिला आजवर नुसतं 'पोर' म्हटलं होतं. ते नाव तोंडातून निघायला अंगण संपून दार यावं लागलं.