मेंगआजींचा स्ट्राँग आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. माझा आवाज मोठा आहे आणि त्याबद्दल मी कुणाचीही माफी मागत नाही!

माझा जन्म नागपुरातल्या एका भट्टीत झाला. सुनेत्रा लग्नानंतर अमेरिकेला निघाली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, सत्यजितनं, कपाळाला हात लावला. "अगं, तिकडे ग्राइंडर मिळतो यार!" सुनेत्रानं त्याच्या दोन जीन्स बाहेर काढल्या आणि मला बॅगेत कोंबलं. असा मी २००४ साली सनीव्हेलला पोचलो.

तिथली घरं लाकडी. मी आलं ठेचायला लागलो आणि खालच्या मजल्यावरच्या मेंगआजी कानांवर हात ठेवून वर आल्या. त्या चीनहून मुलाकडे राहायला आल्या होत्या. सुनेत्रा ओशाळली. तिनं माझ्याखाली जाड टॉवेल घातला आणि आजींना आल्याचा चहा पाजला. मग काय, आजी रोजच यायला लागल्या.

एकदा मात्र त्या रडवेल्या होऊन आल्या. सहा वर्षांच्या नातीच्या, ग्रेसच्या, वर्गात आजी-आजोबांना बोलावलं होतं. "ग्रेस से, नो कम," आजी म्हणाल्या. "माय इंग्लिश बॅड."

सुनेत्रा नागपुरात इंग्रजी शिकवायची, पण इथल्या व्हिसावर तिला नोकरी करता येत नव्हती. तिनं बाह्या सरसावल्या. "वुई विल प्रॅक्टिस, आजी!"

सुरुवात 'स्ट्राँग'पासून झाली. कडक चहा स्ट्राँग, हिंगाचा उग्र वास स्ट्राँग, सोसाट्याचा वारा स्ट्राँग आणि आजींचे दणकट दंडही स्ट्राँग. आजी वैतागल्या. त्यांच्या भाषेत प्रत्येकाला निराळा शब्द! मला मात्र तो शब्द फार आवडला. मीही मिरी, लसूण, दाणे सगळं एकटाच कुटतो की! मग आजी पावसालाही स्ट्राँग म्हणाल्या. "नो नो, रेन इज हेवी," सुनेत्रा म्हणाली. आजींनी मला दाणकन आपटलं. माझा काय दोष, सांगा!

शेवटी तो दिवस आला. मला ढकलगाडीत घालून दोघी शाळेत गेल्या. आजी वर्गासमोर उभ्या राहिल्या आणि पाठ केलेलं सगळं विसरल्या. ग्रेसनं मान खाली घातली. माझ्या लोखंडाचंही पाणी झालं हो!

आजींनी तीळ काढले आणि मला कामाला लावलं. धाड, धाड, धाड! खमंग वास सुटला. "स्ट्राँग स्मेल!" एक मुलगा ओरडला. "यस!" आजी खुलल्या. "स्ट्राँग! गुड!" पुढचं त्या चिनीतच भराभरा बोलत सुटल्या. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात ग्रेस उठली, आजीला बिलगून उभी राहिली आणि आजीचं एकेक वाक्य वर्गाला इंग्रजीत सांगू लागली. शाळेत कधी चिनीचा एक शब्द न काढणारी ही पोरगी मध्येच आजीला चिनीत प्रश्नही विचारत होती. सुनेत्रा दाराशी उभी राहून डोळे पुसत होती.

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर कोरडं पुसा, नाहीतर मी गंजतो. आणि घरातलं कुणी बोलताना अडखळलं, तर मान खाली घालू नका. उठून त्यांच्या शेजारी उभे राहा.