चर्चसमोरची राखीव जागा

वाहतूक पोलिसांकडून बोलावणं आलं तेव्हा मारिस्तेल्लाने पहिला फोन धाकट्या भावाला, कोरादोला केला. लहानपणी पोलिओने पाय गेले तेव्हापासून तिला कुणापुढे हात पसरायचा तिटकारा होता, पण कोरादोची गोष्ट वेगळी. आई मासळीबाजारात असायची आणि हा मारिस्तेल्लाच्या मांडीवर. खुर्चीत बसल्या बसल्या तिनेच त्याला वाढवला होता.

"ताई, तू कशाला जातेस? असेल कसला तरी दंड. मी भरून टाकतो."

"दंड कसला? माझा परवाना दुसऱ्याच गाडीवर दिसला म्हणतात. मी तक्रार करणार आहे."

"कुणावर?"

"जो कोण असेल त्याच्यावर."

तो सोबत आला खरा, पण रस्ताभर 'दंड भरून मोकळं होऊ' हेच घोकत राहिला. मारिस्तेल्ला मात्र तापली होती. ब्रेक, ॲक्सिलरेटर सगळं हाताने चालणारी तिची गाडी, आणि काचेमागे तो निळा अपंग परवाना. या दोन गोष्टींमुळे अख्ख्या मोल्फेत्ता गावात ती कुणाची मिंधी नव्हती. परवाना गेला तर ती घरात कोंडली जाणार होती.

तसंही एक जागा तिला वर्षभर मिळालीच नव्हती. जुन्या गावातल्या चर्चसमोर अपंगांसाठी एकच राखीव जागा होती, आणि लांब कुठे गाडी लावावी तर तिथल्या दगडी गल्ल्यांतून खुर्ची जात नाही. रविवारच्या प्रार्थनेत ती गायची. तिचा खर्जातला आवाज लागला की पाद्रीसुद्धा क्षणभर थांबायचा. कोरादो त्याच सुमाराला चर्चशेजारच्या दुकानात पेस्ट्री घ्यायला जायचा. रविवारी कुणाकडे जेवायला जायचं आणि हातात फीत बांधलेला पेस्ट्रीचा पुडा नाही, असा निर्लज्जपणा या गावात कुणी करत नाही. म्हणून घरातून निघण्याआधी ती त्याला फोनवर विचारून घ्यायची.

"जागा रिकामी आहे का रे?"

"नाही गं ताई, भरलेली आहे. तू राहू दे. मी येतोच पुडा घेऊन."

असे किती रविवार गेले. शेवटी गाणाऱ्यांमधलं तिचं स्थान दुसऱ्या बाईला गेलं. ती रडली, पण मनातल्या मनात. बिचारा कोरादो स्टेशनाजवळ गाडी लावून, एवढं ऊन खात आपल्यासाठी चालत जातो, याचंच तिला जास्त वाईट वाटायचं. ऐन ऑगस्टच्या उन्हाळ्यात एवढं चालूनही पुड्यातलं क्रीम कसं घट्ट राहतं, हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही. माया असली की माणसाला एवढंही दिसत नाही.

वाहतूक अधिकारी लोरेदाना तरुण होती, पण उगाच गोड बोलणारी नव्हती. मारिस्तेल्लाचा परवाना तिने उजेडात धरून तिरपा केला, तसा त्यावरचा शिक्का चकाकला.

"हा खरा. गेल्या रविवारी चर्चसमोर लावलेल्या गाडीत जो होता, त्यावर ही चकाकी नव्हती. ती रंगीत झेरॉक्स आहे. नंबर तुमचाच. ही गाडी ओळखता?"

तिने फोटो पुढे केला. पांढरी गाडी, दाराला पोचा. कोरादोच्या हातून तो पोचा पडला तेव्हा मारिस्तेल्लाच शेजारी बसली होती.

गेल्या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत परवाना नूतनीकरणाला टाकतो म्हणून कोरादोच घेऊन गेला होता. चार दिवसांनी आणून दिला तेव्हा तिने त्याचा पापा घेतला होता.

"ताई असते ना माझ्या गाडीत," कोरादो घाईघाईने म्हणाला. "तिलाच सोडायला जातो मी चर्चला. सांग ना गं."

"बाई, विचार करून बोला," लोरेदाना म्हणाली. "'गाडीत होते' म्हणालात, तर ही झेरॉक्स तुम्हाला ठाऊक होती असं होईल. मग परवाना जाईल आणि गुन्हा दोघांवर. 'नव्हते' म्हणालात, तर एकट्या यांच्यावर. सरकारी कागदाची नक्कल आहे, खटला चालणारच. तुम्ही तक्रार नाही केलीत तरी हे मिटत नाही."

कोरादो तिच्या खुर्चीशी वाकला. "ताई, बँकेतली नोकरी जाईल माझी. तासभर तर लावायचो. कुणाचं काय बिघडलं त्यात?"

मारिस्तेल्लाने त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरोखरच माहीत नव्हतं. रागापेक्षा तिला तेच सहन होईना.

"मी गाडीत नव्हते," ती लोरेदानाला म्हणाली. "मी घरी होते. चर्चचे कपडे घालून, हातात फोन घेऊन. जागा रिकामी आहे का, म्हणून याला विचारत होते. दर रविवारी."

"मग हे काय म्हणायचे?"

"भरलेली आहे म्हणायचा." तिने खुर्ची दाराकडे वळवली. "तेही लिहून घ्या. खोटं नव्हता बोलत तो."