पौर्णिमेच्या दिवशी मला काढून ठेवलं

मी एक डेटा कार्ड. बोटभर लांबीचा, पांढरा. कॉम्प्युटरच्या खाचेत मला खुपसलं की नेट सुरू होतं. वय माझं सात-आठ महिन्यांचंच, पण आमच्या जातीत एवढ्यात म्हातारपण येतं. कंटाळलोय खरा, तरी एक गोष्ट सांगून टाकतो.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या दुकानाचं काचेचं कपाट. २००९च्या एप्रिलात किसनराव आणि भागीरथीबाई तिथे आले. राहायला बदलापूरला, कात्रपात. त्यांची लेक भावना आयर्लंडला नर्स. तिला मुलगी झाली होती आणि बुद्धपौर्णिमेला बाळाचं नाव ठेवायचं होतं. बाळ तिथे, आजी-आजोबा इथे. म्हणून नेटवरून फोन लावायचा, किसनरावांनी त्रिशरण-पंचशील सांगायचं, तिथल्यांनी मागून म्हणायचं, आणि नाव आजीने स्वतःच्या तोंडाने सांगायचं, असं ठरलं. ते नाव बाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

किसनराव अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत चौतीस वर्षं तपासणीला होते. बाहेरून आलेला माल मापात आहे का बघायचं आणि शिक्का मारायचा. फॅक्टरीतून बाहेर काय जातं ते बघणारं खातं वेगळं. माणूस रिटायर होतो, सवय होत नाही. दुकानात त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि तीन कंपन्यांची कार्डं लावून नेटवरून एकच गाणं तीनदा उतरवायला लावलं.

"काका, टावर सबका फुल है. आँख बंद करके ले जाओ," सिंधी शेठ म्हणाला.

"आम्ही डोळे उघडे ठेवून घेतो."

मी चार मिनिटांत गाणं आणलं. दुसऱ्याला अकरा लागली, तिसऱ्याला चौदा. शिक्का माझ्यावर बसला.

"अहो, पण एकदा बोलून बघायचं का?" भागीरथीबाईंनी हळूच विचारलं.

"एवढं गाणं येतंय, मग बोलणं येणार नाही का?"

येणारच होतं हो. इथून तिकडे किती जातं, ते कोणी बघितलं?

घरी पहिला फोन लागला. भावनाचा आवाज असा, की जणू स्वयंपाकघरातून हाक मारतेय. इकडचं मात्र मला नेववेना. शब्द उशिरा पोचायचे, तेही कुरतडलेले.

"आई, बोल ना गं. रुसलीस का?"

"अगं, कधीची बोलतेय मी."

मग दोघी एकदम बोलायच्या, एकदम थांबायच्या. तू बोल, नाही तू बोल. यातच अर्धा तास जायचा. रेंज मिळावी म्हणून किसनरावांनी मला परकराच्या नाडीने खिडकीच्या गजाला बांधलं. कुकरच्या झाकणात बसवलं. गच्चीपर्यंत वायर नेली. समोरच्या सगुणाबाई मूळ बदलापूर गावातल्या. त्या दारात उभ्या राहून सगळं बघायच्या.

"किसनभाऊ, तुमचा येतंय बरा, पन जातंय कुठं? माझ्या पोरीशी, तेजस्वीशी, मी नेटवरनं रोज बोलतंय. आमचा कार्ड हलू हाय, पन बोलतंय."

"तुमचं ते अकरा मिनिटवालं. बघितलंय मी दुकानात."

"मंग बसा घड्याल बघत."

पौर्णिमा आली. दिवाणखान्यात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या, खिरीचं पातेलं. दुपारी चारला फोन लागला. तिकडे एका छोट्या हॉलमध्ये वीसेक माणसं जमलेली. किसनरावांनी पहिली ओळ म्हटली. तिकडून ती परत आली तेव्हा यांची दुसरी निम्मी झालेली. हे थांबले, तर तिकडचेही थांबले. यांनी पुन्हा सुरू केलं, तर तिकडून मागचीच ओळ आली. तीनदा असं झालं. बाळ रडायला लागलं. मी जीव तोडत होतो, पण माझ्या अंगात तेवढंच होतं.

"पप्पा, काहीच कळत नाही," भावना म्हणाली. "हॉल आम्हाला अर्ध्या तासात सोडायचाय. नाव मीच सांगून टाकते."

भागीरथीबाई काहीतरी बोलल्या. ते तिच्यापर्यंत गेलंच नाही.

सगुणाबाई उठून गेल्या आणि आपलं काळं कार्ड घेऊन आल्या. किसनराव खुर्चीवरून हलले नाहीत. "सगुणाताई, ते हळू आहे."

"अहो, नातीला गाणं नाही ऐकवायचं," भागीरथीबाई म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने मला उपटून टेबलावर ठेवलं.

त्या कार्डाचं सॉफ्टवेअर चढायला दहा मिनिटं लागली. मग फोन लागला. आवाज जरा घोगरा, पण किसनरावांची ओळ गेली आणि क्षणभर थांबून वीस माणसांच्या गळ्यातून सबंध परत आली. पुढची गेली, तीही आली. शेवटी भागीरथीबाई पुढे सरकल्या.

"उत्पला," त्या म्हणाल्या.

तिकडून सगळे म्हणाले, उत्पला. बाईंनी पदर तोंडाशी धरला. किसनराव म्हणाले, "मला तरी आधी सांगायचं." त्यावर सगळं घर हसलं. मी खिरीच्या वाटीशेजारी पडून ऐकत होतो. माझ्यातून ते नाव गेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता मी शोकेसच्या ड्रॉवरमध्ये असतो, नेलकटर आणि जुन्या पासांच्या संगतीत. रविवारी किसनराव मला काढतात, जुनी गाणी उतरवतात. तेवढं मला छान जमतं. वरच्या मजल्यावरच्या राजेंद्रचा भाऊ परदेशी निघालाय. राजेंद्र परवा विचारायला आला होता, कुठलं कार्ड घेऊ.

"दुकानातून त्याच्यावरनं मला फोन लाव," किसनराव म्हणाले. "माझं तुला ऐकू येईल, त्याचं कौतुक करू नकोस. तुझं मला नीट ऐकू आलं, असं मी म्हटलं, तरच पैसे दे."

तुम्हीही तेवढं करा. वेगावर भुलून माझ्यासारख्याला अशा कामाला जुंपू नका. आज रविवार, गाणी उतरवून बराच तापलोय, आता खाचेतून काढा मला.