बोटांना ऐकू येतं का

आईसाठी हेडफोन निवडताना मी अकरा रकान्यांचा तक्ता केला होता. वजन, तारेची लांबी, कानावरच्या गादीचं कापड, खर्जापासून वरच्या सुरांपर्यंत आवाज किती सारखा राहतो, बाहेरचा आवाज किती अडतो, हमी किती वर्षांची, किंमत, वगैरे. आई भांडी पुसता पुसता माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"एवढी चौकशी तुला शाळेत घालताना पण केली नव्हती," ती म्हणाली.

"म्हणूनच मी अशी झाले."

"कशी?"

"तक्ते करणारी."

मी एका प्रयोगशाळेत काम करते. तिथे लोक आपले तापमापक पाठवतात आणि ते किती चुकतात हे आम्ही मोजून लिहून देतो. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथली. आईच्या बाबतीत मी नेमकं एकच मोजायचं विसरले, आणि ते तिला चांगलंच महागात पडणार होतं.

आई तेवीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. आधी एक्स्चेंजमध्ये आणि मग एका मोठ्या इस्पितळाच्या स्विचबोर्डवर. कुठल्या डॉक्टरचा फोन आहे हे तिला त्यांच्या पहिल्या श्वासावरून कळायचं. नंबर घेताना ती तो एकेक आकडा सुटा करून घ्यायची आणि समोरच्याकडून वदवून घ्यायची. "परत म्हणा." घरीसुद्धा तेच. किराण्याची यादी मी दोनदा म्हटल्याशिवाय दुकानात जाऊ शकले नाही कधी. दीड वर्षापूर्वी इस्पितळाने आपोआप बोलणारं यंत्र बसवलं. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. आईला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भंगारात चाललेला स्वतःचा जुना कीबोर्ड मात्र तिने मागून घेतला. तो इतका खटखट वाजतो की शेजारच्या घरात कळतं आई कामाला बसली म्हणून.

काम म्हणजे सराव. बैठकांची आणि डॉक्टरांच्या टिपणांची ध्वनिमुद्रणं ऐकून ती टाइप करून देणारी एक कंपनी होती. घरबसल्या काम, पण आधी परीक्षा. वीस मिनिटांचं ध्वनिमुद्रण, शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर हवेत आणि संधी फक्त दोन. दुसरीही हुकली तर कंपनी तुम्हाला कायमचं विसरते.

"ताई, आता आराम कर की," मामा म्हणायचा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मागच्याच गल्लीत राहतो आणि आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला येतो. "या वयात कानात खुंट्या घालून कोण बसतं?"

"आराम करून करून कंबर धरली माझी," आई म्हणायची. "आणि तुझी बडबड ऐकू येऊ नये म्हणून तरी खुंट्या हव्यात."

सरावासाठी ती माझे जुने इअरफोन वापरायची. त्यांची उजवी बाजू केव्हाच मेली होती. एका कानाने ऐकत, खिडकीबाहेर बघत ती टाइप करायची. पडद्याकडे बघायचीच नाही. ते बघून मला वाटायचं, एका कानावर हिचं एवढं चांगलं चाललंय, तर दोन्ही कानांना नीट ऐकू आलं तर काय होईल! म्हणून मी तक्ता केला, आईने तीन हजार ठरवले होते त्यात मी माझ्या पहिल्या बोनसमधून भर घातली, आणि पहिल्या क्रमांकाचे हेडफोन आणले. काळे, जड, कानावर उशीसारखे बसणारे आणि बाहेरचा आवाज मारून टाकणारे. आईने घातले. मी टाळी वाजवली, तिला कळलं नाही. मला फार भारी वाटलं.

चार दिवसांनी ती परीक्षेला बसली. निकाल दुसऱ्या दिवशी आला. शहाण्णव पूर्णांक नऊ.

आईने हेडफोन काढून खोक्यात ठेवले, वरचा कागदसुद्धा नीट घडी करून ठेवला, आणि भाजी चिरायला घेतली. मामाने वर्तमानपत्राआडून माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पान उलटलं.

"कान गेले असतील माझे," आई थोड्या वेळाने चाकूकडे बघत म्हणाली. "तेवीस वर्षं वापरलेत. झिजणारच ना."

तेवढं मात्र मी मोजल्याशिवाय मानणार नव्हते. कंपनीने चुकांची यादी पाठवली होती, चौऱ्याहत्तर चुका. मी दोन रंगांच्या पेन्सिली घेतल्या. ऐकण्यातली चूक असेल तर लाल, म्हणजे वेगळाच शब्द लिहिलेला. शब्द तोच, पण एखादं अक्षर शेजारच्या कळेचं किंवा एक अक्षर गळालेलं, तर निळा. अर्ध्या तासाने कागद जवळजवळ पूर्ण निळा झाला होता. लाल खुणा फक्त नऊ.

"आई, इकडे ये. तुझे कान गेलेले नाहीत."

ती पदराला हात पुसत आली. तिने निळ्या खुणांवरून बोट फिरवलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"असल्या चुका मी कधी केल्या? एकही अक्षर इकडचं तिकडे जात नाही माझं."

"एरवी तुला कसं कळतं? तू तर पडद्याकडे बघतही नाहीस."

"अगं, ऐकू येतं की." मी काहीतरी बावळट विचारलं असावं तशी ती बोलत होती. "बोट कळेवर नीट पडलं की खट्ट होतं. दोन कळांच्या मधे पडलं की खर्र होतं. खर्र झालं की मागे जायचं आणि दुरुस्त करायचं. स्विचबोर्डवर सगळ्या जणी असंच करायच्या. हेडसेट एकाच कानाला. दुसरा कान मोकळा, आपल्या हाताकडे, शेजारणीकडे आणि सुपरवायझरीण बाईंच्या चपलांकडे."

बाहेरचा आवाज मारणारे हेडफोन आणले होते मी. रकाना क्रमांक पाच, त्यात त्यांना पैकीच्या पैकी. बाहेरच्या आवाजात तिचा कीबोर्डही मेला होता.

"मग परीक्षेच्या वेळी सांगितलं का नाहीस?"

"काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं. काय ते कळेना. कान बंद केले ना, बोटं आंधळी होतात." तिने यादी पालथी ठेवली. "आणि तू एवढं शोधून, बोनस घालून आणलेले. कसं सांगणार?"

त्या संध्याकाळी आम्ही प्रयोग केला. एकाच ध्वनिमुद्रणातले पाच-पाच मिनिटांचे तीन उतारे. प्रत्येक वेळी वेगळा भाग, नाहीतर पाठ झालेलं टाइप होईल. काळे हेडफोन दोन्ही कानांवर, सतरा चुका. तेच हेडफोन, पण आवाज मारायचं बटण बंद, अकरा. आणि माझे अर्धे मेलेले इअरफोन, चार. मामा निकाल मोठ्याने वाचत होता, क्रिकेटचा धावफलक वाचावा तसा.

"मग परीक्षेला हेच घालून बस," तो इअरफोनकडे बोट दाखवत म्हणाला. "फुकटात काम झालं."

"नाही चालणार," मी म्हटलं. त्या चारही चुका लाल होत्या, त्यांतल्या तीन एकाच माणसाच्या बोलण्यातल्या. मी ते ध्वनिमुद्रण तपासलं. बैठकीत दोन मायक्रोफोन होते, टेबलाच्या दोन टोकांना. एकाचा आवाज डाव्या कानाला जास्त आणि दुसऱ्याचा उजव्या. डाव्याच कानाने ऐकलं की उजव्या टोकाचा माणूस आईसाठी भिंतीपलीकडे गेल्यासारखा होता. परीक्षेत नेमका तोच जास्त बोलला, तर दुसरी संधीही गेली.

म्हणजे दोन्ही कान हवेत, आणि दोन्ही उघडेही हवेत.

शनिवारी आम्ही खोकं घेऊन दुकानात गेलो. परत करायची मुदत दोन दिवस उरली होती. दुकानदाराने खोकं उघडून हेडफोन उलटसुलट केले.

"यात काही बिघाड आहे का?"

"काहीच नाही. फारच चांगले आहेत," आई म्हणाली. "म्हणून परत करायचेत."

"काकू, असं गिऱ्हाईक आजवर बघितलं नाही मी."

"मग बघून घ्या. आणि पाठीला भोकं असतात तसे दाखवा. आतलं ऐकू येतं आणि बाहेरचंही येतं, असे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने मागच्या फळीवरून चार जोड काढले आणि धूळ फुंकली. असे उघडे हेडफोन फारसे कोणी नेत नाही, तो म्हणाला. आपलं गाणं शेजारच्याला ऐकू जातं. मग त्याने सवयीने एक गाणं लावलं, छातीत धडधडणारं.

"गाणं नको," आईने आपला फोन पुढे केला. "हे लावा."

फोनमध्ये मामा होता. आईने त्याला सकाळी पंख्याखाली बसवून, नळ चालू ठेवून, तोंडात बिस्किट असताना वर्तमानपत्र वाचायला लावलं होतं. वाचता वाचता तो मधेच तिला शिव्याही देत होता.

"हे कोण?" दुकानदाराने विचारलं.

"माझा भाऊ. याचं कळलं तर जगात कुणाचंही कळेल."

पहिला जोड तिने लगेच काढला. "सगळे घुमतात. हौदात बसून बोलल्यासारखे." हा त्यांतला सर्वांत महाग होता, खर्ज भरपूर, गाण्याला झकास. दुसरा ठीक होता, पण कानशिलं दाबत होता, आणि आईला तासन्‌तास बसायचं होतं. तिसरा हलका, तारेचा, स्पंजच्या गाद्यांचा आणि दिसायला अगदीच साधा. माझ्या तक्त्यात तो नवव्या क्रमांकावर होता, कारण त्याला खर्ज जवळजवळ नाहीच. आईने डोळे मिटले. मग डावा हात काउंटरवर ठेवून ती बोटांनी हळूच टकटक करायला लागली, आणि मामाबरोबर बोलायला लागली, त्याच्या अर्धा शब्द मागे राहून. पावसाचा अंदाज, पुलाचं काम, "ताई, हे बिस्किट मऊ पडलंय." एकही शब्द सुटला नाही. दुकानदाराचं दुसरं गिऱ्हाईक थांबून बघत होतं.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. गाण्याला खर्ज लागतो, पण बोलणं कळतं ते वरच्या सुरांमुळे. स, श, त, ट ही अक्षरं तिथे असतात. माणसाचं बोलणं ऐकणाऱ्यासाठी गाण्याचा तक्ता करणारी मी, आणि ही बाई दोन मिनिटांत निकाल लावून मोकळी.

"हाच," आई म्हणाली.

"चौथा बघत नाही?"

"स्थिर लाइन मिळाली की दुसरी शोधायची नाही."

तो तिच्या तीन हजारांत बसत होता. वरून थोडे उरले. माझे उरलेले पैसे तिने माझ्याच पर्समध्ये घातले आणि चेन लावून दिली.

दुसरी परीक्षा मंगळवारी दुपारी होती. मी मुद्दाम अर्धी रजा काढली. मी तीनदा तार तपासली, आई शांत. मामा येऊन कोपऱ्यात बसला. त्याला बजावलं होतं की तोंड उघडायचं नाही. आईने हेडफोन घातले, खुर्ची पुढे ओढली, खिडकीबाहेर नजर लावली. आणि खटखट सुरू झाली.

बाराव्या मिनिटाला दाराची बेल वाजली. मी दचकले. आईची बोटं चालूच होती. "पार्सलवाला असेल, तू जा," ती म्हणाली, न थांबता, मान न वळवता. सतराव्या मिनिटाला मामा खुर्चीत चुळबुळला. "अरे, तो कागद मोठ्याने उलटू नकोस," आई तशीच म्हणाली. खट्ट, खट्ट, मधेच एक खर्र, लगेच मागे, आणि पुन्हा खट्ट. मी पहिल्यांदा नुसती ऐकत बसले. तेवीस वर्षं ती रोज असं काहीतरी करत होती, आणि मी तिच्या डब्याची आणि बसची तेवढी आठवण ठेवली होती.

निकाल यायच्या दिवशी मी प्रयोगशाळेत होते. समोर सहा तापमापक बर्फाच्या भांड्यात उभे होते आणि शेजारी आमचे साहेब. फोन वाजला.

"नमस्कार," आईचा आवाज, पण घरातला नाही. इस्पितळातला, इस्त्री केलेला. "आपल्यासाठी एक निरोप आहे. लिहून घेता का?"

"आई, लवकर सांग!"

"लाइनवर गडबड नको. आकडे सांगते. नऊ. नऊ. दशांश चिन्ह. दोन."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

"परत म्हणा," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"नऊ, नऊ, दशांश चिन्ह, दोन," मी म्हटलं, एवढ्या मोठ्याने की साहेबांनी वळून बघितलं, आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या दोघांनीही.

"कशाचं वाचन आहे हे?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या आईचं," मी म्हटलं.