चष्म्यातलं मैदान

आमच्या टीममधल्या सगळ्यात बडबड्या माणसाला सगळ्यात गप्प बसायचं काम मिळालंय. त्याला सगळे दादा म्हणतात. त्याचं केस कापायचं दुकान आहे. कात्री थांबेल, पण जीभ थांबायची नाही, असा गडी. त्याची धाकटी बहीण बोचिया खेळते. तिला आम्ही फौजदार म्हणतो, कारण चाकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या ती सगळ्यांना कामाला लावते. मी त्या खुर्च्यांचा मेकॅनिक. चाक, ब्रेक, पट्टा, जे कुरकुरेल ते माझ्याकडे. माणसं कुरकुरली तरी माझ्याकडेच.

खेळ तसा सोपा आहे. एक पांढरा चेंडू असतो. आपले चेंडू त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. फौजदारचे हात काही ऐकत नाहीत, म्हणून तिचा चेंडू उतरत्या पन्हळीतून सुटतो. कपाळाला दांडी बांधलेली असते, त्या दांडीने ती चेंडू ढकलते. पन्हळ हलवायचं काम दादाचं. पण नियम असा, की त्याने मैदानाकडे पाठ करून बहिणीच्या तोंडासमोर बसायचं. वळून बघितलं की शिक्षा. तोंड उघडलं तरी शिक्षा.

फौजदार बोलते, पण तिचा एकेक शब्द सावकाश येतो आणि तिकडे घड्याळ पळत असतं. म्हणून भावाबहिणीने खुणा ठरवल्यात. उजवी भुवई वर गेली की पन्हळ तिच्या उजवीकडे, डावी गेली की डावीकडे, नाक मुरडलं की चेंडू आणखी वरून सोडायचा. नाक ती घरीही मुरडते, पण ते वेगळं.

आता गंमत अशी, की एवढी वर्षं बहिणीसोबत खेळून दादाने एकही सामना बघितलेला नाही. डाव संपला की वळायची मुभा मिळते, पण तोवर चेंडू उचललेले असतात. मग तो मला गाठून सगळं वदवून घेतो आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण फासून तोच सामना असा रंगवतो, जणू स्वतः चेंडूवर बसून आलाय. साबण फासलेला माणूस उलट विचारणार काय?

त्या दिवशीचा सामना मोठा होता. जिंकली तर फौजदार देशाच्या संघात, हरली तर घरी. याआधी दोनदा ती दारातून परत आली होती. म्हणून दादाने हट्टाने तिला नवा चष्मा करून आणला होता. मोठा, गोल, नुसता चकचकीत.

मी फौजदारच्या खुर्चीमागे, जरा लांब बसतो. त्यामुळे दादाचं तोंड मला पूर्ण दिसतं. पहिले दोन डाव तो नेहमीसारखा एरंडेल प्यायल्यासारखा बसला होता. फौजदार पुढे होती. तिसऱ्या डावात त्याचं तोंड एकदम लाडू मिळाल्यासारखं झालं. मला कळेना, याला झालं काय.

झालं असं होतं, की तिच्या चष्म्याच्या काचेत त्याला मागचं अख्खं मैदान दिसायला लागलं होतं. दुसऱ्या कोणाला त्यातलं काही उमगलं नसतं. पण याचा सगळा जन्म आरशात बघून हात चालवण्यात गेला. त्याला ते पेपरासारखं वाचता येत होतं.

आणि बघता यायला लागल्यावर माणसाला अक्कल फुटते. तिची भुवई उजवीकडे म्हणाली, दादाने पन्हळ केसभरच हलवली. चेंडू भलतीकडे. तिने नाक मुरडलं, याने चेंडू होता तिथेच ठेवला. तोही अर्ध्यात थांबला. तिने रागाने मान फिरवली तसं काचेतलं मैदान गेलं. तर या शहाण्याने दोन बोटं तिच्या हनुवटीला लावली आणि दाढीच्या गिऱ्हाइकाचं करतात तसं तोंड हळूच सरळ केलं.

मी कपाळावर हात मारला. डाव गेला, बरोबरी झाली.

डावांच्या मधे बोलायला चालतं. दादाने लगेच सुरू केलं. "अगं, त्यांचा तो लाल चेंडू आडवा होता ना, मग तू उजवीकडून कशाला..."

फौजदार त्याच्याकडे बघत राहिली. "तुला... कसं... माहीत?"

दादाची जीभ आपणहून थांबलेली मी पहिल्यांदा बघितली. त्याने चष्म्याकडे बघितलं आणि ती समजली. चष्मा काढावा तर तिला पांढरा चेंडू दिसणार नाही.

"दादा, खेळतंय... कोण?"

"तू."

"मग... डोळे मीट."

शेवटचा डाव दादा डोळे गच्च मिटून बसला. आता भुवईचा उपयोग नाही. प्रत्येक चेंडूला ती बोलून सांगायची. "डावी... कडे." घड्याळ पळतंय. "अजून." दादाचे हात तेवढेच हलायचे. शेवटच्या चेंडूला पंचांचं बोट घड्याळावर, आणि हिचा "वर" निघता निघेना. निघाला एकदाचा. दादाने चेंडू वर सरकवून धरला, तिने मान पुढे केली, चेंडू गेला.

टाळ्या पडल्या. कोणासाठी ते दादाला कळेना. त्याने डोळे मिटूनच विचारलं, "काय झालं गं?"

"हरलो," फौजदार म्हणाली.

मी तोंड उघडणार होतो, पण तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटूनच ठेवलं. दादाचं नाक लाल झालं. म्हणाला, चूक माझी, उद्यापासून दुसरा कोणी घे.

"आणि?"

म्हणाला, हनुवटीला हात लावायला नको होता.

"आणि?"

"खेळ तुझाय. मी फक्त पन्हळ धरतो."

"आता... उघड. जिंकलो."

दादा गर्रकन वळला. चेंडू उचललेले. समोर नुसती मोकळी फरशी.

धावत माझ्याकडे आला, म्हणे, सांग ना लवकर, शेवटचा कसा गेला? मी सुरुवात करणार तोच मागून हुकूम आला. "तू... नको. मी... सांगते."

मग काय, गाडीत मी पुढे आणि ते दोघं मागे. फौजदार सांगत होती आणि दादा तोंडातून चकार शब्द न काढता ऐकत होता. घर आलं, तरी तिचा चेंडू अजून निम्म्या वाटेवरच होता. मी इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो.