दहा अंशांची चूक

मित्रांनो, मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना थर्मामीटर आहे. पुस्तकात मला तापमापी म्हणतात, पण त्या नावाने मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. काचेच्या बारीक नळीत लाल द्रवाची एक रेघ आणि अंगावर उणे दहापासून एकशे दहापर्यंतच्या खुणा, एवढंच माझं शरीर. एका कारखान्यात चष्मा लावलेल्या कारागिराने मला घडवलं. त्याने मला उजेडात धरून तीनदा फिरवून पाहिलं आणि मग कापसात गुंडाळलं. इतक्या मायेने मला पुन्हा फार वर्षांनी कुणीतरी हाताळलं. तीच गोष्ट सांगायची आहे.

शाळेत मला विज्ञानाच्या बाई भेटल्या. त्या फळ्यावर कमी लिहीत आणि टेबलावर जास्त मांडत. एकदा त्यांनी एक कप आणि एक बादली सारख्याच गरम पाण्याने भरली. मी दोन्हीत साठ अंश दाखवले. मग बाईंनी दोन्हीत बर्फाचे चार-चार खडे टाकले. कपातलं पाणी लगेच गारठलं, बादलीला मात्र फारसा फरक पडला नाही.

"तापमान सारखंच होतं ना? मग बादली जिंकली कशी?" बाईंनी विचारलं.

मुलं हमरीतुमरीवर आली. बादलीत पाणी जास्त, म्हणून उष्णताही जास्त, हे शेवटी त्यांचं त्यांनाच सापडलं. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

पुढे बाईंची दोन वर्षांसाठी दुसऱ्या शाखेत बदली झाली. मला कुणीतरी खणात आडवं टाकलं, चिमटे आणि गंजलेल्या स्टँडच्या शेजारी. खण उघडला की मी गडगडत जायचो, बंद झाला की परत आदळायचो. अशाच एका धक्क्याने माझी लाल रेघ तुटली. दहा अंशांएवढा तुकडा वर सरकला आणि मला धरायला वरच्या टोकाला जे टोपण आहे, त्याखाली अडकून बसला. बाहेरून काही दिसत नव्हतं. पण त्या दिवसापासून मी दहा अंश कमी सांगू लागलो.

बाई परत आल्या आणि त्यांनी पहिल्याच आठवड्यात तीन भांडी मांडली. एकात गरम पाणी, एकात गार, मधल्यात कोमट. एक हात गरम पाण्यात आणि एक गार पाण्यात मिनिटभर ठेवायचा, मग दोन्ही कोमट पाण्यात घालायचे. तेच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला गरम.

"हाताचा अंदाज चुकतो, थर्मामीटर चुकत नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला गरम भांड्यात धरलं. मी त्रेचाळीस दाखवले. पाणी त्रेपन्न अंशांवर होतं. मला ओरडायचं होतं, पण काचेला तोंड नसतं.

"आधी कोण येतंय?"

"मी!" पोलाद पुढे झाली. ती बेकरीवाल्याची मुलगी. भट्टीतून काढलेला गरम ट्रे उजव्या हाताने सहज उचलते म्हणून वर्गाने तिचं नाव पोलाद ठेवलं होतं. तिलाही त्या नावाचा अभिमान होता.

उजवा हात गरम पाण्यात आणि डावा गार पाण्यात घालून ती मिनिटभर शांत उभी राहिली. मग तिने हात कोमट पाण्यात घातले.

"बाई, उजव्या हाताला काहीच कळत नाहीये."

तेवढ्यात मागच्या मुलाने गरम भांड्यात बोट घातलं आणि तो किंचाळला. बाईंनी पोलादचा हात ओढून पाहिला. तो मनगटापर्यंत लालभडक झाला होता. त्यांनी तो लगेच नळाखाली धरला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्रयोग बंद केले. "पुस्तकातून शिकवा. पोरांच्या जिवाशी खेळ नको."

बाईंनी तिन्ही भांडी कपाटात ठेवून दिली. मीही पुन्हा खणात गेलो.

आठवड्याने पोलादचे वडील प्रयोगशाळेत आले. मुख्याध्यापक त्यांच्यासोबत होते. आता बाईंना बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण ते खुर्ची ओढून बाईंसमोर बसले.

"डॉक्टरांनी विचारलं, एवढं पोळलं तरी पोरगी ओरडली कशी नाही?" ते म्हणाले. "डोळे मिटायला लावून सुई टोचली, तर तिला पत्ताच नाही. नसांचा आजार आहे. वर्षभर गोळ्या घ्यायच्या. आणखी उशीर झाला असता तर बोटं वाकडी झाली असती म्हणे." मग ते मुख्याध्यापकांकडे वळले. "ती ट्रे उचलायची, तेव्हा मी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचो हो. साहेब, प्रयोग बंद नका करू."

"तरी चूक माझीच आहे," बाई म्हणाल्या. "मी आधी माझं बोट घालून बघायला हवं होतं." मुख्याध्यापकांनी प्रयोगांना पुन्हा परवानगी दिली.

पोलाद शाळेत परतली, तेव्हा तिच्या हाताला पट्टी होती. "त्रेचाळीस अंशांच्या पाण्याने मिनिटभरात हात पोळत नाही," असं म्हणत बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला ठेचलेल्या बर्फात उभं केलं. शून्य यायला हवं होतं. मी उणे दहा दाखवले. मला फुटून जावंसं वाटलं.

"टाकून द्यायचा का याला?" कुणीतरी विचारलं.

"नको," पोलाद म्हणाली. "मला नाही कुणी टाकून दिलं."

बर्फ आणखी गार होऊन माझी रेघ पार खाली उतरावी म्हणून बाईंनी त्यात मीठ घातलं आणि माझं टोपण काढलं, तसा वर अडकलेला लाल तुकडा दिसला. पोलादने मला त्या बर्फात डाव्या हाताने सरळ धरलं आणि काचेवर हलक्या टिचक्या मारत राहिली. मधली सुट्टी संपली, तरी ती जागची हलली नाही. अखेर वर अडकलेला तुकडा थेंबाथेंबाने खाली उतरला आणि रेघ जुळली. मला पुन्हा साध्या बर्फात ठेवलं. शून्य! टाळ्या वाजल्या. ती मात्र हसली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोटांतली स्पर्शाची जाणीव पुरती कधीच परत आली नाही, पण आजार तिथेच थांबला.

मित्रांनो, आम्हा उपकरणांना आडवंतिडवं फेकू नका आणि आमच्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवू नका. आधी बर्फात बुडवून बघा, मग आमचं ऐका. आणि तुमच्यातलं कुणी कधीच "आई गं" म्हणत नसेल, तर त्याला शूर म्हणण्याआधी त्याचा हात हातात घेऊन बघा.